व्हिक्टोरिया धबधबा ऑक्टोबरमध्ये: जरूर जा, मुक्काम मात्र झिंबाब्वेत करा

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन व्हिक्टोरिया धबधब्याला जायचंय, पण तेव्हा तिथे पाणीच नसतं असं कुणीतरी सांगितलं, मग बेत रद्द करावा का, असं तुम्ही विचारलंय. रद्द करू नका. मी एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस गेले आहे. एप्रिलमध्ये धबधबा ऐकला. डोळे भरून पाहिला तो ऑक्टोबरमध्येच.

आधी तिथल्या पाण्याचं गणित सांगते. आपल्या सह्याद्रीत रात्री पाऊस कोसळला की सकाळी कड्याकड्यावरून धबधबे सुरू होतात. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरच्या ज्या झांबेझी नदीवर हा धबधबा आहे, तिचं तसं नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो, पण वाटेत पश्चिम झांबियात बारोत्सेचं प्रचंड सपाट मैदान लागतं. पाणी तिथे पसरतं, रेंगाळतं आणि सावकाश पुढे सरकतं. पूर चढला की तिथल्या लोझी लोकांचा राजा नालिक्वांडा नावाच्या मोठ्या नावेतून उंचावरच्या राजवाड्यात मुक्काम हलवतो. कुओम्बोका म्हणतात त्या सोहळ्याला. हे सगळं पाणी धबधब्यापर्यंत येईतो एप्रिल उजाडतो. आकाश निरभ्र झालेलं असतं आणि नदी मात्र ऐन भरात असते. पुढे ती उतरत जाते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात रोडावते.

मग एप्रिलच चांगला, असं वाटेल. पण हा धबधबा १,७०८ मीटर रुंद, १०८ मीटरपर्यंत उंच, आणि पडतो एका अरुंद घळीत. आपण उभे असतो घळीच्या अलीकडच्या काठावर, पाणी जिथून सुटतं त्याच उंचीला. भर पाण्यात घळीतून तुषारांचे लोट वर उसळतात आणि पाऊस होऊन अंगावर कोसळतात. मी भाड्याने रेनकोट घेतला होता, तरी गळ्यातून आणि बाह्यांतून पाणी आत शिरत होतं. चष्मा पुसायला कोरडा रुमालच उरला नाही. आवाज छातीत घुमत होता. मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गडगडणारा धूर, हे तिथलं जुनं नाव किती नेमकं आहे ते तेव्हा कळलं. समोरचा कडा मात्र तासाभरात दोनदाच दिसला, वारा फिरला तेव्हा.

ऑक्टोबरमध्ये झांबियाच्या बाजूचा पूर्वेकडचा भाग जवळजवळ कोरडा पडतो. त्या बाजूचं काही पाणी वीजनिर्मितीसाठीही वळवलं जातं. फक्त तिथेच गेलेले लोक 'पाणी नव्हतं' म्हणत परततात. झिंबाब्वेच्या बाजूला डेव्हिल्स कॅटरॅक्ट आणि मेन फॉल्स हे धबधब्याचे भाग बारमाही वाहतात, म्हणून मुक्काम तिकडे, व्हिक्टोरिया फॉल्स गावात करा.

तरी एक फेरी झांबियात माराच. पाणी नसलेला तो कडा मी कितीतरी वेळ बघत बसले होते. उभा काळा कातळ, आपल्या घाटातल्यासारखाच बेसाल्ट, फक्त आपल्याहून कितीतरी जुना, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. या खडकात लांबलचक भेगा आहेत आणि त्यांत मऊ माल भरलेला. नदीला अशी आडवी भेग सापडली की ती पोखरून रिकामी करते आणि तिथे नवा धबधबा तयार होतो. खालच्या बाजूला दऱ्यांची जी नागमोडी रांग दिसते, त्या सगळ्या या धबधब्याच्या जुन्या जागा. डेव्हिल्स कॅटरॅक्टचा काठ बाकीच्यापेक्षा खचलेला आहे, कारण तिथून पुढची भेग उघडायला लागली आहे. एप्रिलच्या धुक्यात यातलं काहीही दिसत नाही.

स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनही १६ नोव्हेंबर १८५५ रोजी, म्हणजे कमी पाण्यातच, तिथे आला होता. म्हणून तर त्याला होडीतून थेट काठावरच्या बेटापर्यंत जाऊन खाली डोकावता आलं. त्याच बेटावरून आता पर्यटकांना डेव्हिल्स पूलमध्ये नेतात. तो कड्याच्या अगदी टोकावरचा नैसर्गिक डोह आहे आणि पाणी कमी असतानाच, वाटाड्याबरोबरच तिथे जाता येतं. पट्टीचं पोहता येत असेल तर तुम्ही जा, आई-बाबांना नेऊ नका.

त्यांच्यासाठी झिंबाब्वेकडची पायवाट उत्तम आहे, सपाट आणि बरीचशी झाडांच्या सावलीतली. तुषारांवर पोसलेलं हिरवंगार जंगल आहे ते. टोकाच्या डेंजर पॉइंटला मात्र कठडा नाही आणि खडक निसरडा आहे, तिथे त्यांना अलीकडेच थांबवा. झांबियातल्या बॉइलिंग पॉटची, म्हणजे घळीच्या तळाशी पाणी घुसळतं त्या जागेची, उतरण गुडघ्यांना झेपणार नाही. दोन देशांमधला पूल १९०५ सालचा आहे, चालत ओलांडता येतो. दोनदा सीमा ओलांडायची असल्याने व्हिसा त्या हिशोबाने आधीच बघून ठेवा.

चांदण्यातलं इंद्रधनुष्य बघायची इच्छा असेल तर ती पुढच्या खेपेला. त्याला पौर्णिमा लागते आणि भरपूर तुषार लागतात, तुम्ही जाणार अमावास्येच्या आसपास. दोन्ही हवं असेल, कडाही दिसावा आणि पाणीही भरपूर असावं, तर जून-जुलै गाठा.

ऑक्टोबर तिथला सगळ्यात तापलेला महिना. फाटक उघडताच आत जा, दहापर्यंत परत या, पुन्हा चारनंतर निघा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आई-बाबांच्या डॉक्टरांना आधीच विचारा. आणि अंधार पडल्यावर गावातसुद्धा पायी फिरू नका, टॅक्सी करा. हत्ती रस्त्यावर येतात.