रंगमंच प्रश्नोत्तरे : युद्धातल्या स्त्रीची भूमिका करताना

प्रश्न : आमची हौशी संस्था प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचे ‘ट्रोजन विमेन’ बसवीत आहे आणि त्यात मी अँड्रोमाकीची भूमिका करते. ट्रॉय पडल्यावर विजेत्यांचा निरोप्या तिचे मूल मारण्यासाठी घेऊन जातो. तो प्रवेश आला की मी माझ्या स्वतःच्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणते आणि मला खरोखर रडू कोसळते. दिग्दर्शक त्यावर समाधानी आहेत. परंतु तालीम पाहायला आलेली एक मैत्रीण म्हणाली, की थोड्याच वेळात तिचे लक्ष बाळावरून उडाले आणि ती केवळ माझे रडणे पाहत राहिली. शिवाय तालमीनंतर मला रात्र रात्र झोप लागत नाही. युद्ध मी कधी पाहिलेले नाही, तेव्हा हे दुःख उभे करण्याचा मला अधिकार तरी आहे का?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे आणि ते दिग्दर्शकांच्याही कानावर घालावे, असे मी सुचवीन.

तो प्रवेश पुन्हा एकदा वाचून पाहा. मूल तटावरून फेकून द्यायचे ठरले आहे, हे निरोप्या टाल्थिबिअस सांगतो आणि लगोलग बजावतो, की सैन्याला राग येईल असे काही बोललीस तर या पोराला मूठमातीही मिळणार नाही. त्या क्षणानंतर मुलाचा जीव वाचणे शक्य नाही; मिळाली तर मूठमाती मिळेल, एवढेच अँड्रोमाकीच्या हाती उरते. ती त्याला मिठी मारायला सांगते, त्याच्या अंगाचा वास घेते. एका ओळीत तिचा तोल सुटतो आणि ती ग्रीकांनाच रानटी ठरवते, पण पुढच्याच काही ओळींत तिचा सारा रोख, जिच्यापायी हे युद्ध झाले त्या हेलनकडे वळतो आणि अखेर ‘घेऊन जा’ हेही तीच म्हणते. माझ्या वाचनानुसार या प्रवेशाचा प्राण त्या वळण्यात आहे, कारण मोकळेपणाने आक्रोश केला तर त्याची किंमत मुलाच्या प्रेताला मोजावी लागेल, हे तिला कळते. तुम्ही पहिल्या वाक्यापासून रडू लागलात, तर तिची ही धडपड प्रेक्षकाला दिसतच नाही. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘मदर करेज’च्या १९४९ च्या बर्लिनमधील प्रयोगात आईच्या भूमिकेतली हेलेने वायगेल मुलाला मारणाऱ्या गोळ्यांचा आवाज ऐकून तोंड उघडत असे, मान मागे टाकत असे आणि घशातून आवाज मात्र काढत नसे. त्या नाटकातल्या आईलाही थोड्याच वेळाने मुलाच्या प्रेताकडे पाहून ‘हा माझा कुणी नव्हे’ असे दाखवावे लागते.

अधिकाराविषयी. हे नाटक इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समध्ये प्रथम झाले, तेव्हा अँड्रोमाकी एका पुरुषाने मुखवटा घालून केली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आले असले तरी ते कुणाला दिसणार नव्हते, आवाज आणि देह एवढ्यावरच त्याला भागवावे लागले. त्याच्या थोडेच आधी अथेन्सच्या सैन्याने मेलॉस बेट जिंकून तिथल्या पुरुषांना ठार केले होते आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकले होते. म्हणजे समोर बसलेले प्रेक्षक टाल्थिबिअसच्या बाजूचे होते. तेव्हा हा अधिकार स्वतः सोसण्यातूनच येतो असे मला वाटत नाही. त्यासाठी नीट जाणून घेणे मात्र आवश्यक आहे. युद्धातून वाचलेल्या स्त्रियांच्या साक्षी वाचा. पुष्कळ जणी अत्यंत सपाट स्वरात बोलतात, एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशी, चपलेपाशी किंवा दाराच्या कडीपाशी अडखळतात आणि मोठी गोष्ट एका वाक्यात सांगून टाकतात. नाटकी हुंदक्यांची सवय मोडायला याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही.

आता झोपेविषयी. स्वतःच्या मुलाचा चेहरा वापरणे आजपासून थांबवा. अशी आठवण रोज उगाळली की ती झिजते, आणि झिजेपर्यंत ती तुमच्याबरोबर घरी येते. त्याऐवजी समोरच्या बालकलाकाराकडे, किंवा बाहुली वापरत असाल तर तिच्या वजनाकडे लक्ष द्या. हा प्रवेश तालमीच्या शेवटी कधीही घेऊ नये. त्यानंतर काहीतरी हलके, निदान हालचालींची उजळणी तरी ठेवावी. एवढे करूनही झोप येत नसेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच करू नका.

प्रश्न : आम्ही युद्धग्रस्त स्त्रियांच्या मुलाखतींवर नवे नाटक लिहीत आहोत. त्यांच्यावरील अत्याचार रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवावा का?

उत्तर : माझे मत नकाराचे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, मरण आणि नगराचा वेढा अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून, सुचवावा असे म्हटले आहे, आणि ग्रीक नाटकातही मृत्यूची वार्ता सहसा निरोप्याच आणतो. अत्याचार दाखवला की प्रेक्षकाची नजर नकळत अत्याचाऱ्याच्या जागी जाऊन बसते. स्त्रीने तो सांगितला तर काय सांगायचे आणि कुठे थांबायचे हे तिच्या हाती राहते.

मुलाखत दिलेल्या स्त्रीला संहिता वाचून दाखवा आणि प्रयोगापूर्वी पुन्हा संमती विचारा. दिलेला होकार मागे घेण्याची मुभा तिला असलीच पाहिजे. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये बलात्कार हाही नरसंहाराचा प्रकार ठरू शकतो असा निकाल दिला, त्यातही साक्षीदार स्त्रियांची नावे अक्षरांआड झाकलेली आहेत. न्यायालयाने घेतलेली ही काळजी नाटकवाल्यांनी तर घ्यायलाच हवी. २०१३ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात सीरियातून आलेल्या निर्वासित स्त्रियांनी ‘ट्रोजन विमेन’च केले, त्यात स्वतःच्या हकिकती गुंफल्या आणि त्या स्वतःच सांगितल्या. तुमच्या नाटकात त्या हकिकती दुसरे कुणीतरी सांगणार आहे, हा फरक लेखनात सतत लक्षात ठेवावा लागेल.

प्रश्न : पहिल्या प्रश्नातील ‘ट्रोजन विमेन’मध्येच मी निरोप्या टाल्थिबिअस करतो. खलनायक म्हणून तो किती कठोर ठेवावा?

उत्तर : त्याला खलनायक करू नका. असा निरोप न्यायला माझ्यापेक्षा निर्दय माणूस हवा होता, असे तो स्वतःच म्हणतो आणि तरीही निरोप पोचवतो. पुढे मुलाच्या मृत वडिलांच्या, हेक्टरच्या ढालीवरून मुलाचे प्रेत घेऊन तो मुलाच्या आजीकडे, हेक्युबाकडे परत येतो, तेव्हा येताना स्कॅमँडर नदीत त्याने त्या मुलाच्या जखमा आधीच धुतलेल्या असतात. ती ओळ घाई न करता म्हणा.