मूत्रपिंड शिकायला घेताना

आकृतीतली सगळी नावं एकदम पाठ करायला बसू नकोस. आधी एक नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातलं रक्त गाळणारं सूक्ष्म एकक, पक्का कर. एका मूत्रपिंडात असे साधारण १० लाख असतात आणि सगळ्यांची कामाची पद्धत तीच.

सुरुवात ग्लोमेरुलसपासून कर, म्हणजे बोमन संपुटातल्या (नेफ्रॉनच्या टोकाच्या पेल्यासारख्या भागातल्या) केशवाहिन्यांच्या गुंत्यापासून. रक्त आत आणणारी धमनिका रुंद, बाहेर नेणारी अरुंद. त्यामुळे आत दाब टिकतो आणि पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया संपुटात ढकलले जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं रक्तातच राहतात. लघवीत प्रथिनं सापडली की डॉक्टरांना या गाळणीची शंका का येते, ते इथेच कळतं.

आता खरी गंमत. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर! बाकीचं संपुटापुढच्या नलिका परत रक्तात घेतात. नवशिके गाळण्यावरच थांबतात. माझं ऐकशील तर निम्म्याहून जास्त वेळ या पुनर्शोषणाला दे. पहिल्या वळणदार नलिकेतच जवळपास दोन तृतीयांश पाणी आणि सोडियम परत जातं, ग्लुकोज तर निरोगी माणसात जवळजवळ सगळंच. हेन्लेचा पाश (नलिकेचा पुढचा, U आकाराचा भाग) मेड्युलात, म्हणजे मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, खोल उतरून तिथली क्षारता वाढवून ठेवतो, म्हणून पुढे एडीएच हे पाणी राखायला लावणारं संप्रेरक आलं की संग्राहक नलिकेतून पाणी ओढून घेता येतं.

मूत्रवाहिनी, मूत्राशय वगैरे चटकन होतं.

आकृती मात्र स्वतःच्या हाताने काढ. दोन्ही धमनिकांच्या रुंदीतला फरक ठळक दाखव आणि पाणी जिथे जिथे परत जातं तिथे बाण काढ. पुस्तक न बघता ते जमलं की मगच कॉर्टेक्स (मूत्रपिंडाचा बाहेरचा भाग) आणि मेड्युलामधली रेघ ओढ.