‘इआय’ म्हणजे तलवार उपसणं का?

प्रश्न असा आला आहे: ‘आयकिदो तोहो इआय’ या जपानी तलवारशैलीच्या नावातल्या ‘इआय’ला मराठीत ‘तलवार उपसण्याची कला’ म्हणावं का? आणि त्यातला ‘आय’ आयकिदोमधलाच का?

आधी दुसरा प्रश्न. हो, तोच. दोन्हीकडे चित्राक्षर एकच आहे आणि त्यामागचं क्रियापद ‘आउ’, म्हणजे जुळणं, भेटणं. आयकिदो या जपानी युद्धकलेचे जनक उएशिबा मोरिहेई या ‘आय’ची सांगड ‘प्रेम’ अर्थाच्या ‘आय’शी घालत. पण त्या शब्दाचं अक्षर निराळं. सारखा आहे तो फक्त उच्चार.

‘तलवार उपसणं’ हा अर्थ मला पटत नाही. त्यासाठी जपानीत ‘बात्तो’ असा स्वतंत्र शब्द आहे. ‘इआय’मधल्या ‘इ’चा अर्थ असणं, बसणं. या शब्दाची खरी जोडी लागते ती ‘ताचिआय’शी: तिथे दोघं तलवारी उपसून समोरासमोर उभे असतात. इआयमध्ये तलवार अजून म्यानातच असते. माणूस आहे तिथे, आहे तसा असताना प्रसंग येऊन ठेपतो.

मराठीत या ‘आय’साठी मला ‘गाठ’ हाच शब्द नेमका वाटतो. गाठ बांधली जाते, गाठ पडते, आणि ‘गाठ माझ्याशी आहे’ हेही आपण म्हणतोच. जुळणं, भेटणं, भिडणं, तिन्ही अर्थ या एका शब्दात आहेत. मग इआय म्हणजे ‘बसल्या जागी पडलेली गाठ’, आणि आयकिदो म्हणजे ‘कि’शी, प्राणशक्तीशी, गाठ घालण्याची वाट.

निशिओ शोजी (1927–2005) यांनी ‘आयकिदो तोहो इआय’ ही शैली रचली. ते उएशिबांचे शिष्य. जुदो, कराते आणि इआयदोही शिकलेले. ‘तोहो’ म्हणजे तलवारीची पद्धत. रिकाम्या हातांचे आयकिदोचे डाव आणि तलवारीच्या हालचाली मुळात एकच, हे त्यांना दाखवायचं होतं. उदाहरणार्थ ‘शिहोनागे’ हा आयकिदोतला डाव; ‘शिहो’ म्हणजे चार दिशा. या डावात प्रतिस्पर्ध्याचं मनगट धरून, तलवार उगारावी तसे हात डोक्यावर नेतात, वळतात आणि वार करावा तसे खाली आणतात. हातात तलवार नसली तरी हालचाल तिचीच.

म्हणून नावात ‘इआय’ तसाच ठेवावा. उपसण्याच्या क्रियेपुरतं मात्र ‘उपसणं’ अगदी चपखल आहे, आणि शेवटच्या ‘नोतो’साठी तर आपल्याकडे तयार शब्दप्रयोगच आहे: तलवार म्यान करणं.