बोअरचं पाणी, गेलेलं बाळ आणि सहीचा कागद

प्रश्न: आमचं गाव औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून आहे. दोन वर्षांपासून बोअरच्या पाण्याला थिनरसारखा वास येतो. पर्याय नसल्यामुळे आम्ही तेच पितो. गेल्या वर्षी माझं पहिलं बाळ 34व्या आठवड्यात पोटातच गेलं. त्याआधी, सातव्यात, मी माहेरी गेले होते. नंतर आम्ही तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं, तर नायट्रेट 118 निघालं. हे कळल्यावर शेजारच्या कारखान्याची माणसं घरी आली. दोन लाख देतो, टँकरही सुरू करतो, फक्त या कागदावर सही करा, म्हणतात. सासूबाई म्हणतात, तुझ्याच खाण्यापिण्यात काहीतरी चुकलं. मला आता पुन्हा तिसरा महिना आहे. केस करता येईल का? पाण्यामुळेच बाळ गेलं हे सिद्ध होईल का?

उत्तर: ताई, आधी एवढंच, त्या कागदावर सही करू नका. तुम्ही नाही, यजमानांनी नाही आणि सासऱ्यांचा अंगठाही नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चौथ्या ओळीत लिहिलंय, ‘यापुढे आमची कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही.’ कोर्टाची दारंच बंद करणारा करार कायद्याला मान्य नाही हे खरं, पण झालेल्या नुकसानीबद्दल पैसे घेऊन केलेली तडजोड कायद्यात बसते आणि ती पुढे तुमच्याच आड येते. टँकर येत असेल तर येऊ द्या, पाणी भरा. रोज किती वाजता आला आणि किती हंडे मिळाले ते वहीत लिहा. पाणी घेण्यासाठी सही लागत नाही.

केसच्या आधी आजच्या पाण्याचं बघू, कारण पोटात बाळ आहे. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आय.एस. 10500 प्रमाणे, पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तुमच्याकडे ते अडीचपटीहून जास्त आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यांचाही उपयोग नाही. बाळ झाल्यावर वरचं दूध या पाण्यात कधीही कालवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होते, बाळ निळं पडतं. थिनरसारखा वास हा वेगळा मामला आहे. तो सॉल्व्हंटचा, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या रसायनाचा, असेल तर गरम पाण्याच्या वाफेतूनही ते अंगात जातं. तेव्हा बंद न्हाणीत त्या पाण्याची कढत अंघोळही नको. स्वच्छ पाण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करता येतो. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश ते काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम 133, आणि 1980 सालच्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याच आधारे नगरपालिकेला गटारं बांधायला लावली. पैसे नाहीत ही सबब तिथे चालली नाही. अर्जावर एकट्या तुमची नको, गल्लीतल्या सगळ्यांची सही घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय ती एक केस नाही, दोन आहेत, आणि त्यांची गाठ मारली तर दोन्ही बुडतील. पाणी कोणी नासवलं, ते कोण साफ करणार आणि तोवर गावाला पाणी कोण देणार, ही पहिली. बाळ त्या पाण्यामुळे गेलं का, ही दुसरी. पहिली जिंकण्यासाठी दुसरी सिद्ध व्हावी लागत नाही. समोरचा वकील मात्र सगळा वाद दुसरीवर नेईल, कारण तिथं त्याला बोलायला जागा आहे. तुमच्या कार्डावर हिमोग्लोबिन 8.4, म्हणजे कमी, होतं ते तो वाचून दाखवील. रक्तदाब, साखर, नाळ, जंतुसंसर्ग, सगळी यादी काढील. नायट्रेट तर युरियातून आणि संडासाच्या शोषखड्ड्यातूनही येतं, म्हणील, आणि ते खोटं नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांचं खास कोर्ट. त्याचा 2010 चा कायदा इथे तुमच्या उपयोगी पडतो. कलम 17 प्रमाणे कारखान्याची चूक किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव तिथे नाही. वसाहतीत सांडपाणी सोडणारे तीन कारखाने असतील आणि नेमकं कोणाचं पाणी तुमच्या बोअरमध्ये उतरलं हे सुटं करता येत नसेल, तर न्यायाधिकरण जबाबदारी त्यांच्यात वाटून देऊ शकतं. पण चूक सिद्ध करायची नाही म्हणजे काहीच सिद्ध करायचं नाही, असं समजू नका. संबंध दाखवावाच लागतो: कारखान्यातून बाहेर पडलेलं रसायन, तेच बोअरमध्ये, आणि बोअरमधून तुमच्या पोटात. शेवटचा दुवा, तुमच्या पोटातून बाळापर्यंतचा, सगळ्यात अवघड.

किती अवघड, ते अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून सांगते. नॉर्थ कॅरोलायनात कँप लेजून हा मरीन सैनिकांचा तळ आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्यात 1953 ते 1987 या काळात ट्रायक्लोरोएथिलीन, पर्क्लोरोएथिलीन, बेंझीन अशी रसायनं होती. गरोदरपणात ते पाणी प्यालेल्या बायकांच्या मुलांत मज्जारज्जूचे जन्मदोष आणि ते पाणी यांचा संबंध दाखवणारा सरकारी संस्थेचा अभ्यास आला तो 2013 साली. भरपाईचा खास कायदा झाला 2022 साली. त्या कायद्यातली पुराव्याची अट बघा: पाण्यामुळे झालं असण्याची शक्यता निदान न झाल्याच्या शक्यतेइतकी असावी, बस. संसदेला पुराव्याची पायरी मुद्दाम खाली आणावी लागली. आपल्याकडे असा खास कायदा नाही, तराजू तुमच्या बाजूला थोडा तरी झुकावा लागेल. पण त्या अभ्यासातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या नळाला किती रसायन होतं आणि त्या महिन्यात ती बाई कुठे राहत होती, हे त्यांनी महिन्यागणिक मांडलं.

तेच तुम्हाला करायचंय. म्हणून माहेरी गेल्याचं लपवू नका. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील: ‘बाळ गेलं तेव्हा बाई गावात होत्याच कुठे?’ पाळी चुकल्यापासून डोहाळजेवणापर्यंत सासरी, त्या बोअरचं पाणी. मग माहेरी, तिथलं पाणी कुठलं? तारखा लिहून काढा. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि ते तुम्ही सासरी काढलेत. माहेरच्या पाण्याचीही तपासणी करून घ्या. ते चांगलं निघालं तर फरक दिसेल. वाईट निघालं तर तेही आपल्याला आधी कळलेलं बरं.

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी यजमानांनी बोअरचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून माळ्यावर ठेवलंय, असं तुम्ही लिहिलंत. वाचून गलबलून आलं, पण खरं सांगते, सॉल्व्हंटसाठी ती बाटली आता पुरावा नाही. ते उडून जातं, प्लास्टिकमधून झिरपतंही. बाटली फेकू नका, उघडूही नका. नवा नमुना घ्या. पंप थोडा वेळ चालवून, प्रयोगशाळेनंच दिलेल्या काचेच्या छोट्या कुपीत काठोकाठ भरायचा, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फात घालून न्यायचा. तालुक्याच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होत नाही, एन.ए.बी.एल. ही प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा आणि ‘उडनशील सेंद्रिय रसायनं’ तपासायची आहेत असं लेखी सांगा. जड धातूही तपासा. भरताना ग्रामसेवक आणि दोन शेजारी हजर ठेवून पंचनामा करा. कारखान्याच्या नाल्यातलं पाणी मात्र स्वतः भरू नका. सांडपाण्याचा अहवाल कोर्टात टिकायचा तर जल अधिनियम, 1974 च्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं, कारखान्याला नोटीस देऊन, नमुन्याचे भाग करून, सील लावून तो घ्यावा लागतो. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत माहितीच्या अधिकारात कारखान्याला मंडळानं दिलेलं संमतीपत्र आणि पाहणी अहवाल मागवा. कोणतं रसायन ते वापरतात हे त्यात सापडतं, आणि तेच तुमच्या बोअरमध्ये निघालं तर नायट्रेटवर डोकं फोडायची गरज उरत नाही.

दवाखान्याचे कागद या आठवड्यात मागा. लेखी मागितल्यापासून 72 तासांत द्यायचा नियम आहे. डॉक्टरांवर ते जपून ठेवायचं बंधन मात्र 3 वर्षांचंच आहे. सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि मृतजन्माची नोंद झाली असेल तर तिचा दाखला घ्या. ही नोंद जन्म-मृत्यू नोंदणीत वेगळ्या नमुन्यावर होते आणि ती राहून जाते. राहिली असेल तर उशिरा नोंदवायची सोय आहे. गल्लीत गेल्या दोन वर्षांत आणखी कोणाची बाळं गेली, दिवस भरण्याआधी झाली, फार कमी वजनाची झाली, हे आशाताईंना विचारा. एकीच्या बाबतीत जे नशीब म्हणून उडवून लावता येतं, ते एकाच बोअरवरच्या चौघींच्या बाबतीत उडवता येत नाही. पण कोणीच नसेल तर नसेल म्हणून सांगा, आकडा फुगवू नका.

भरपाईचा अर्ज पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे, कलम 15 खाली. मुदत 5 वर्षांची, दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. प्रदूषण थांबवण्याचा कलम 14 खालचा अर्ज मात्र 6 महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून तो रेंगाळू देऊ नका. फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. आणि बाई म्हणून तुम्हाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हे मागायला लाजू नका.

न जन्मलेल्या बाळासाठी दावा कसा मांडायचा? मी तो तुमच्या स्वतःच्या शरीराला झालेली इजा म्हणून मांडीन आणि बाळाचा मुद्दा त्याच्या जोडीला ठेवीन. पोटातल्या जिवाला व्यक्ती म्हणायचं का, या वादात तुमची केस अडकायला नको. जिवंत जन्मलेल्या मुलांबाबत वाट थोडी मोकळी आहे. भोपाळ वायुदुर्घटनेच्या प्रकरणात 3 ऑक्टोबर 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाधित आईच्या पोटी नंतर जन्मलेल्या मुलाचा जन्मदोष त्या विषाशी जोडता आला, तर त्यालाही भरपाई मिळेल. तुमच्या आताच्या बाळाला याची गरज पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

सासूबाईंना माझं हे उत्तर वाचून दाखवा. तुमचं काही चुकलं असं म्हणायला तुमच्या कागदांत आधार नाही. तुम्ही वेळेवर नाव नोंदवलं, गोळ्या घेतल्या, प्रत्येक तपासणीला गेलात, हे कार्डावर तारखांसकट आहे. त्यांनीही तेच पाणी दोन वर्षं प्यायलंय. अर्जावर त्यांची सही तुमच्या खाली हवी.

आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा पाण्याचा अहवाल सोबत न्या. डॉक्टरांना सगळं सांगा आणि ‘बोअरचं पाणी, नायट्रेट 118, रसायनाचा वास’ एवढं त्यांच्या हातून कार्डावर लिहून घ्या, तारीख घालून.