उत्तरेकडच्या बेडरूमला फिका पिस्ता लावू की लिंबू रंग? शेडकार्डावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात

लिंबू रंग घ्या, पण कार्डावर आवडलाय त्याहून एक पायरी फिका. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात पिवळेपणा मार खातो आणि पिस्ता आणखी हिरवा दिसतो, अगदी सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा. एक पायरी फिका अशासाठी, की चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि कार्डावरच्या इवल्याशा चौकोनात सौम्य वाटणारी शेड खोलीभर भडक होते. पिवळ्या-पोपटी छटांत हे जरा जास्तच जाणवतं. खोली मुख्यतः रात्रीच वापरात असेल तर मात्र हिशेब दिव्यावर: ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पिवळ्या एलईडीखाली लिंबू रंग अति पिवळा होतो, तिथे पिस्ताच बरा. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात वरचंच उत्तर कायम. डबे घेण्याआधी पेंटरकडून दोन्ही रंगांचे दोन-दोन फुटी चौकोन, दोन हात मारून, खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीवर लावून घ्या. नुसत्या पुट्टीवर (भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपावर) नको, आधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर-हात. पुट्टी रंग पिते आणि शेड डागाळते. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका, इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळायचा रंग) वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं.