कंपासपेटीतली पुडी

(कराड तालुक्यातल्या एका आईचं पत्र : आठवीतल्या मुलाच्या कंपासपेटीत माव्याची पुडी सापडली. महिन्यापूर्वीच शाळेत सगळ्यांनी तंबाखूमुक्तीची शपथ घेतली होती. ह्यांची तंबाखू रोज तोच दुकानातून आणतो, पण असं करेल असं वाटलं नव्हतं. हे म्हणतात, चार फटके दिले की सुटेल. शाळेत सांगावं, तर पोराचं नाव खराब होईल. काय करू?)

ताई,

फटके नकोत. मारानं पुडी सुटत नाही, लपवायची जागा तेवढी बदलते.

‘ह्यांची तंबाखू रोज तोच आणतो’ हे तुम्ही सहज लिहून गेलात आणि माझा जीव तिथंच अडकला. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी दुकानदार देतो, कारण ‘बापानं मागवलीय’. रोज पुडी आणणाऱ्या पोराला तिची भीती कशी वाटणार?

शपथ वाईट नाही हो. पण शाळा सुटल्यावर मित्र मळलेला मावा पुढं करून ‘घे की, घाबरतोस व्हय?’ म्हणतो, तेव्हा काय बोलायचं हे शपथेत नसतं. त्याचा सराव वर्गात व्हायला हवा, पोरांनीच एकमेकांना आग्रह करून, नाही म्हणून. कॅन्सरचे फोटो बघून मुलं दोन दिवस घाबरतात. माव्यातल्या सुपारीनं तोंड आखडतं, तिखट खाल्लं की आग होते, हे मात्र त्यांना लगेच कळतं.

आजच त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या, लांबवू नका.

शाळेत जरूर जा, दोन-तीन आयांना घेऊन. मुलाचं नाव काढायचं कारणच नाही. शाळेपासून शंभर यार्डांची पिवळी रेघ आखलीय का, तिच्या आत तंबाखू विकणारी टपरी आहे का, शाळेतल्या तंबाखूबंदीवर लक्ष ठेवणारा ‘तंबाखू मॉनिटर’ कोण, एवढं विचारा. तंबाखूमुक्त शाळेच्या सरकारी निकषांतच हे आहे.

आणि आज संध्याकाळपासून त्याला दुकानात पाठवू नका. सोडायचं ठरवलं तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर ह्यांच्यासाठीही आहे. त्याआधी ह्यांनी पोराजवळ बसून सांगावं, मला ही कशी लागली, किती वेळा सोडायला गेलो आणि का जमलं नाही. बाप असं बोलायला लागला, तर पोरगं उठून जाणार नाही.