निळ्या डिटर्जंट पावडरची डोळ्यांची चाचणी सशाशिवाय कशी करायची?

भोसरीतल्या युनिटच्या निळ्या पावडरला ओईसीडी ४९२ (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणित पद्धत) ही चाचणी चालते. यात मानवी पेशींपासून वाढवलेला कॉर्नियासारखा टिश्यू वापरतात. एका नमुन्याला दोन टिश्यू लागतात.

आधी टिश्यूवर २० मायक्रोलिटर बफर (क्षारांचं द्रावण) टाकून ३० मिनिटं ओला करा. मग ५० मिलिग्रॅम पावडर ६ तास ठेवा (द्रव असता तर ५० मायक्रोलिटर, ३० मिनिटं). नीट धुवा, २५ मिनिटं माध्यमात बुडवून ठेवा, नंतर १८ तास इनक्युबेटरमध्ये. शेवटी एमटीटी (एक पिवळं रसायन) ३ तास. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. ६०% पेक्षा जास्त पेशी जिवंत असतील तर डोळ्यांना घातक म्हणून वर्गीकरणाची गरज नाही. ६०% किंवा कमी आल्या तर ‘घातक’ असा शिक्का मारू नका, या चाचणीतून पुढचं काही ठरत नाही. दुसरी चाचणी लागेल.

तुमची खरी अडचण निळा रंग. तो टिश्यूत उरला तर मशीन त्यालाही जांभळ्यात धरतं आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला! दुसरी शंका, पावडर स्वतःच एमटीटी जांभळं करते का. त्यासाठी आधी टिश्यूशिवाय पावडर एमटीटीत ३ तास ३७ अंशांवर ठेवून बघा. पावडर स्वतःच एमटीटीचा रंग बदलत असेल तर तुलनेसाठी गोठवून मारलेल्या टिश्यूचं कंट्रोल लावून तेवढा आकडा वजा करायचा. नुसता रंगच फार गडद असेल तर सरळ एचपीएलसीवर (रंग वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजा.

धुताना कण राहिले तर दोन टिश्यूंच्या आकड्यांत फरक पडू शकतो, आणि तो २०% किंवा जास्त असला की ती चाचणी बाद.